बटबटीत म्हणजे काय

लग्न होऊन ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा दिव्यानीच्या पलंगावर बशीएवढ्या गुलाबांची चादर होती, आणि त्या चादरीचं तिला भारी कौतुक होतं. वरच्या मजल्यावरची उर्वशी हळदीकुंकवाला आली, चादरीकडे बघून हसली आणि म्हणाली, "जरा बटबटीत नाही वाटत?" झालं! दिव्यानीच्या गावाकडे हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पण उर्वशीनं मुरडलेल्या नाकावरून तिला त्याचा अर्थ बरोबर कळला. उर्वशीची पाठ वळताच चादर ट्रंकेत गेली.

शब्दाची गंमत अशी, की एकदा तो आपल्याला लागला की दुसऱ्याला लावल्याशिवाय चैन पडत नाही. दिव्यानीनं तो सगळीकडे लावला. समोरच्यांचे पडदे बटबटीत, गणपतीची आरास बटबटीत, नवऱ्याचा जांभळा शर्ट तर फारच बटबटीत. प्रफुल्ल बिचारा औष्णिक वीज प्लांटमधून दमून यायचा, वाद घालायचं त्राण कुठलं! त्यानं तो शर्ट मुकाट्यानं बाईक पुसायला घेतला. घरात सगळं राखाडी, मातकट आणि बदामी झालं. उर्वशी एकदा म्हणाली, "तुला आता छान नजर आली हं." दिव्यानी चार दिवस हवेत होती.

मग मुलाचा, पियुषचा, पहिला वाढदिवस आला आणि मुलचेऱ्यापलीकडच्या जंगलाकाठच्या गावाहून तिची आई नीलाबाई आली. अंगावर शेंदरी रंगाची साडी, तिच्यावर पदरभर टिकल्या. हातात चारोळीची पिशवी, आणि लेकीसाठी आणलेली दुसरी साडी. ती पोपटी. काठ राणी रंगाचे, वर सोनेरी गोट्याची पट्टी.

"पाह्य," नीलाबाईनं साडी उलगडून स्वतःच्या खांद्यावर टाकली. "पाह्य कशी दुरून दिसते! साऱ्या दुकानात हेच एक होती."

बाहेरच्या खोलीत उर्वशी फुगे लावत होती. दिव्यानीनं आईला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"आई, काय हे! किती बटबटीत आहे!"

"बटबटीत मंजे काय व?"

तेव्हा गप्प बसता आलं असतं. कौतुकाचा शब्द आहे म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण दिव्यानीला नजर आली होती ना! ती म्हणाली, "म्हणजे डोळ्यांत घुसणारं. ज्यांना काही समजत नाही, ते लोक घालतात तसलं. तुझ्या अंगावरचीसुद्धा तसलीच आहे. लोक हसतात, आई."

नीलाबाईनं स्वतःच्या पदराकडे पाहिलं. मग पोपटी साडीची घडी घातली. घाई केली नाही, काठाला काठ जुळवूनच घातली. "मले काय मालूम," ती म्हणाली. "दे तुही एखादी. तेच नेसतो."

दिव्यानीनं मातकट रंगाची सुती साडी काढून दिली. सगळ्या फोटोंत नीलाबाई तीच नेसून एका कडेला उभी आहे, आणि नीट शोधल्याशिवाय सापडत नाही. जाताना ती मातकट साडी तिनं मागून नेली. पोपटी साडीचं काय करायचं, हा प्रश्न काही दिवस राहिला. मग प्लांटच्या राखेनं आपली स्कूटी रोज माखते म्हणून दिव्यानीनं ती जिन्याखाली स्कूटीवर पांघरली.

जंगलात मोहाची फुलं गळायला लागली त्या दिवसांत एका दुपारी गावातल्या बुधरीकाकूचा फोन आला. "दिव्यानी, घाबरू नोको. तुही माय सापडली."

माय हरवली होती, हेच दिव्यानीला ठाऊक नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात नीलाबाई पायाला प्लॅस्टर आणि डोक्याला पट्टी बांधून पडली होती. पियुषला शेजारी ठेवून दिव्यानी आणि प्रफुल्ल धावत पोचले, तेव्हा तिचा डोळा लागला होता. खाटेच्या पायथ्याशी बुधरीकाकू बसली होती.

"पहाटेच मोह वेचाले गेलो आमी," बुधरी सांगू लागली. "जो तो आपापल्या झाडाखाली. इचा पाय घसरला आन् हे नाल्यात गेली. डोक्स्याले मार लागला, आवाज कुठून देईन? आमी मुंड्या वर करून पायतो, त नीलाबाई नाई. नाल्याच्या रेतीत जनावराचे पंजे, ताजे. माया त जीवच गेला पोरी. हाका मारल्या, डबे बडवले. दोनदा तिच्या बाजूनं गेलो, दोनदा! पण पाचोळ्यात पाचोळा. तो लुगडाच तसा ना. ऊन चांगलं चढल्यावर इनंच कण्हलं, तवा समजलं."

 दिव्यानी खाटेच्या कडेला टेकली.

तिला काही नवीन कळलं नव्हतं, हेच तर वाईट होतं. लहानपणी तीही मोह वेचायला जात होती. निघताना माय तिच्या डोक्याला लालभडक दुपट्टा गुंडाळायची आणि म्हणायची, "दुरून दिसली पायजे माही पोरगी." गावातली प्रत्येक बाई त्या वाघाच्या जंगलात शेंदरी, पिवळी, राणी रंगाचीच साडी नेसून जायची. मान वर केली की सगळ्या जणी एकमेकींना दिसल्या पाहिजेत. नाही दिसली, की ओरडायचं. हे सगळं तिला ठाऊक होतं. उर्वशीच्या एका हसण्यापायी तिनं ते गुलाबांच्या चादरीबरोबर ट्रंकेत टाकलं होतं. 'काही समजत नाही' असं आपण कुणाला म्हणालो, हे आठवून तिचे कान जळायला लागले.

मग तिचं लक्ष बुधरीकडे गेलं. बुधरीकाकू, जिच्या पिवळ्याधमक साडीवरून अख्खं गाव तिला ओळखायचं, ती राखाडी साडीत बसली होती.

"काकू, ही साडी?"

बुधरी लाजली. "चांगली आहे का? तुया मायनंच सांगतलं आमाले. मने, आपले कपडे बटबटीत राह्यते, लोकं हासतेत. माही दिव्यानी सांगते, तिले समजते सारं. तवापासून आमी दोघी-तिघी साध्याच नेसून राह्यलो."

"जंगलातसुद्धा?"

"मंग? उद्या बी जाच लागंल. मोह का थांबते?"

दिव्यानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  पण बुधरी उद्या जाणार होती. लाज गिळून बोलायला हवं होतं, तेही प्रफुल्लसमोर, आजूबाजूच्या खाटांवरच्या बायांसमोर.

"काकू, उद्या ही नेसू नोका," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या तोंडात गावची भाषा आली होती. "पिवळी नेसा. साऱ्याजणींले सांगा."

"काऊन? बटबटीत दिसतो ना आमी."

"नाई दिसत. माय काई चुकली नाई, तिनं माह्यावर भरोसा ठेवला. म्याच चुकीचं सांगतलं. मले लाज वाटत होती तुमची. मनून सांगतलं."

 बुधरी रागावली असती तर दिव्यानीला सोसलं असतं. "बरं," बुधरी म्हणाली, आणि नीलाबाईच्या पायावरची चादर नीट केली.

दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर नीलाबाईला ऊर्जानगरला आणलं. ऑटोतून उतरवून प्रफुल्लनं तिला एका बाजूनं धरलं, दिव्यानीनं दुसऱ्या. जिन्याशी आल्यावर नीलाबाई थांबली, आणि ती कुठे बघतेय हे दिव्यानीला मान न वळवताही कळलं. घाईगडबडीत तिला त्या साडीची आठवणच राहिली नव्हती.

स्कूटीवर पोपटी साडी होती. राणी काठ चाकाशी लोळत होता, गोट्यावर राख बसली होती.

 दिव्यानीनं तिला प्रफुल्लच्या हाती सोपवलं, पुढे होऊन साडी खसकन ओढून काढली आणि झटकू लागली. राख तिच्याच डोळ्यांत गेली. वर गॅलरीत उर्वशी उभी होती, पण तिकडे बघायचं तिला सुचलंसुद्धा नाही. "माय," ती म्हणाली, "मी हे धुतो. मी नेसतो हे. आजच नेसतो."

"राहू दे व," नीलाबाई म्हणाली. "गाडीवर राख पडंल."