दोन बोटं माया

"आई, हा अजून घरातच आहे?"

पलंगाखालची ट्रंक ओढता ओढता लेकीनं विचारलं. कॉलरमावशींनी मशीनवरची मान वर केली नाही. सुईत दोरा ओवलेलाच होता, तरी त्या पुन्हा ओवू लागल्या.

"देऊन टाक म्हटलं होतं ना तुला?"

"कुणाला देऊ? रस्त्यात उभी राहून हाका मारू?"

"म्हणून गोधड्यांखाली दडवलास?"

"दडवला नाही. ठेवला."

लेकीनं पोशाख बाहेर काढून झटकला. लग्नातला, मोतिया रंगाचा, पायघोळ. गळ्याशी बारीक पानांची वेल, आणि तिच्यातलं एकेक पान मावशींनी हातानं भरलेलं.

मावशींचा जन्म शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात गेला होता. तिथंही अख्खा गणवेश कधी त्यांच्या वाट्याला आला नाही, आली ती फक्त कॉलर. बाह्या दुसरीच्या, खिसे तिसरीचे. ढिगातून कॉलर उचलायची, उलटवायची, टोकं काढायची आणि पुढच्या बाईकडे सरकवायची. कारखान्यापासून गल्लीपर्यंत सगळे त्यांना कॉलरमावशीच म्हणत. "माझ्या कॉलरी शाळा शिकून आल्या, मीच तेवढी राहिले," असं म्हणून त्या स्वतःच हसत. अख्खं वस्त्र, मनाजोगतं, त्यांनी आयुष्यात एकच शिवलं. ते हे.

लेकीचा संसार काही टिकला नाही. भांडण नाही, तंटा नाही. दोघं एका घरात पाहुण्यांसारखी राहिली आणि एक दिवस लेक बॅग घेऊन परत आली. मावशींनी "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि ताट वाढलं. त्याउपर चकार शब्द काढला नाही. पण पोशाखाचा विषय निघाला की त्यांना नेमकं कमी ऐकू येई.

"उद्या दुपारी आमच्या ऑफिसातली एक मुलगी येणार आहे," लेक म्हणाली. "तिचं लग्न ठरलंय. तिला हवाय हा. मी सगळं सांगितलंय तिला."

मावशी मशीन चालवत राहिल्या. खाली कापड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती आत्याला घेऊन. मुलगी हाडापेरानं दणकट आणि हसरी, आत्याबाई चिमूटभर, पण नजर घारीची. मुलगी आतल्या खोलीत जाऊन पोशाख घालून आली आणि पाठमोरी उभी राहिली. पाठीवरचे हूक काही केल्या लागेनात.

"होत नाही," मावशी म्हणाल्या. जरा घाईनंच म्हणाल्या. "जाऊ दे गं पोरी. कपडा कसा, ज्याचा त्यालाच बसतो."

मुलीचा चेहरा उतरला. लेकीनं आईकडे रोखून पाहिलं.

"आई, शिवणीत माया सोडली असशील की!"

दोन्ही बगलांत दोन-दोन बोटं कापड मावशींनी दुमडून ठेवलं होतं. लेक सुखात राहील, अंगानं भरेल, म्हणून.

"आहे थोडी," त्या पुटपुटल्या.

आत्याबाई इतका वेळ वेलीवरून बोट फिरवत होत्या. "इतकं देखणं काम! मग देऊन का टाकताय? कुणाचा म्हणायचा हा?"

"आत्या, मी सांगते तुला नंतर," मुलगी घाईनं म्हणाली.

"माझा," लेक म्हणाली. "माझं लग्न मोडलं."

चटका बसावा तसा आत्याबाईंचा हात मागं आला. "वाईट वाटून घेऊ नका हं. पण मोडलेल्या लग्नाचा कपडा नव्या नवरीच्या अंगाला..."

आत्याबाईंनी नको म्हटलं असतं, तर पोशाख पुन्हा पलंगाखाली गेला असता. घटकाभरापूर्वी मावशींना तेच हवं होतं. आता मात्र त्यांची कानशिलं तापली. त्या तोंड उघडणार, तोच लेक बोलली.

"आत्या, त्या दिवशी हा घालून मी दिवसभर मिरवले. पोटभर जेवले, पाय दुखेपर्यंत नाचले. अंगावरून काढवेना मला. पुढं बिनसलं ते आमचं दोघांचं. यानं बिचाऱ्यानं काय केलं? माझ्या आईनं शिवलाय हा, कामावरून दमून आल्यावर, डोळ्यांनी नीट दिसत नसताना. दोष म्हणाल तर एकच. वेलीतलं एक पान उलटं आहे."

"कुठलं पान उलटं?" मावशी ताडकन उठल्या.

मुलगी फिसकन हसली. मावशी चष्मा पुसत वेलीला डोळे लावून पानं तपासू लागल्या. आत्याबाईंनाही राहवेना, त्याही वाकल्या. दोघींची डोकी एकमेकांवर आपटली.

"मला तर सगळी सुलटच दिसतात हो," आत्याबाई कपाळ चोळत म्हणाल्या.

"गंमत केली," लेक म्हणाली, आणि तीही हसली.

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. लेकीला तो दिवसच नकोसा झालाय, असं त्या इतके महिने धरून बसल्या होत्या. नाचली होती तेव्हा. पोटभर जेवली होती.

"ये इकडं," त्या मुलीला म्हणाल्या. "हात वर कर. आणि श्वास रोखू नकोस, लग्नातही घ्यावाच लागतो."

माप घेऊन त्यांनी पोशाख उतरवायला लावला आणि आपलीच शिवण उसवायला बसल्या. टाके इतके घट्ट होते की त्यांनाच दाद देईनात. "कुणी शिवलंय मेलीनं!" असं म्हणत त्या कात्रीचं टोक घालत होत्या. आत्याबाईंनी न सांगता उठून चहा टाकला.

ऊन उतरलं तेव्हा हूक बिनतक्रार लागले. मुलीनं जुन्या चादरीत पोशाख गुंडाळला, मावशींना घट्ट मिठी मारली आणि दोघी जिना उतरल्या.

मावशी खिडकीशी गेल्या. मुलगी दोन्ही हातांवर चादर तोलत चालली होती, आणि मागून पोशाखाचा घेर सुटून खाली आला होता.

"अगं, घेर लोळतोय!" मावशी ओरडल्या. "वर धर, वर!"

पुढं गेलेल्या आत्याबाई मागं फिरल्या. त्यांनी वाकून घेर उचलला, धूळ झटकली आणि स्वतःच्या हातावर नीट घेतला. मग दोघी एकमेकींना खेटून, पावलं जुळवत चालू लागल्या.

त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत खिडकीत मावशींचा हात तसाच होता, काहीतरी अलगद उचलून धरल्यासारखा.