खोडलेल्या मंत्राचा सूड

मी एक जुना, जाड, पिवळसर कागद आहे. मित्रांनो, कागदाला राग येत नाही असे तुम्हाला वाटत असेल, तर माझी हकिकत ऐका. मी आठ महिने राग धरला होता, आणि तो फुकट गेला नाही.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानात झाला. मागच्या खोलीत, जिथे काचा घासतात, तिथे चष्मेवाल्याने मला एका मोठ्या तावातून कापले आणि पट्टी लावून माझ्यावर चौकोन आखले. वरती नाव, मग शक्ती, चपळाई, बुद्धी, आणि खाली मंत्रांसाठी बारा ओळी. अशा कागदावर खेळातले एक माणूस राहते. माझ्यावर एक जादूगारीण राहायला आली.

सुटीच्या दिवशी दुपारी चौघे त्या खोलीतल्या टेबलाभोवती बसत. चष्मेवाला राक्षसांची, किल्ल्यांची गोष्ट सांगे. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली माणसे होत, आणि घाव बसला की चुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवी. पुरेशी संकटे पार केली की पातळी वाढे. मग एक नवा मंत्र घ्यायचा आणि एखाद्या जुन्या मंत्रात एक सुधारणा करायची. याबाबतीत चष्मेवाला फार कडक होता. बदललेला कागद दुसऱ्या खेळाडूने वाचून तळाशी सही करायची, आणि सही झाली की पुढच्या पातळीपर्यंत एक अक्षर हलवायचे नाही.

माझी मालकीण म्हणजे धाकटी. ती दिवसभर एका प्रयोगशाळेत कवळ्या घडवी, त्यामुळे तिचा हात अतिशय नेटका. तिच्या अक्षराचे सगळे कौतुक करत. तिचा थोरला भाऊ, दादा, योद्धा होता. दादाची बायको, म्हणजे वहिनी, कुलपे उघडणारी चोर. धाकटीला एकच मंत्र हवा होता, वीज कोसळवणारा आकाशफोड. तो वरच्या पातळीलाच मिळे, म्हणून तिने तीन पातळ्या स्वस्तातले मंत्र घेऊन काढल्या. तो मिळण्याच्या आधीच तिने रिकाम्या ओळीत त्याचे नाव हलक्या पेन्सिलीने लिहून ठेवले होते. ती ओळ मी जिवापाड जपली.

आणि नेमकी पातळी वाढायच्या आठवड्यात धाकटीला कामावर जावे लागले. तिने मला दादाच्या हाती दिले. "फासे माझ्या वतीने टाक. बाकी कशाला हात लावू नकोस हं."

"बरं बरं, नको काळजी करूस," दादा म्हणाला.

चष्मेवाला पुढे गिऱ्हाइकाकडे गेला, तेवढ्यात दादाने खोडरबर काढला. आकाशफोड गेला. त्या जागी त्याने आपल्या गिचमिड अक्षरात लिहिले, 'जखम भरणे'. जखमा कोणाच्या, तर त्याच्या योद्ध्याच्या! तळाशी सहीही त्यानेच ठोकली, आणि वर चहाचा कप माझ्यावर ठेवला. मला दात नाहीत, नाहीतर मी त्याचे बोट चावले असते.

धाकटी परत आली, तिने मला वाचले आणि तिचा चेहरा पडला. "दादा, हे काय केलंस?"

"अगं, मी पुढे लढतो, तू मागून मला सांभाळ. टीमच्या भल्यासाठीच केलं."

चष्मेवाल्याला वाईट वाटले, पण तो म्हणाला, "सही झालीय. कागदावर आहे तेच खेळात."

पुढचे आठ महिने दादाला ओरखडा उठला की तो मागे न बघता हात पसरून म्हणे, "धाकटे, ओत!" जणू ती पाण्याची घागर. धाकटी निमूटपणे मंत्र म्हणे. माझी मात्र दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाई. मला वाटे, ही मुलगी सगळे गिळून बसणार की काय?

ती गिळून बसणारी नव्हती. पुढची पातळी आली तेव्हा तिने आकाशफोड घेतलाच. सुधारणेच्या चौकोनात मात्र तिने बराच विचार करून, सुबक अक्षरात एक ओळ लिहिली आणि मला दादापुढे सरकवले. दादा आपल्या नव्या तलवारीचे गुणगान गात होता. त्याने न वाचताच सही केली. मित्रांनो, ती सही माझ्यावर उमटली तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

महिन्याभराने दगडी अजगराशी लढाई लागली. दादाचा योद्धा, सहा वर्षे वाढवलेला, शेवटच्या श्वासावर आला.

"धाकटे, ओत! लवकर!"

तिने मला उचलून त्याच्या हातात दिले. "वाच."

तो वाचू लागला. "जखम भरणे. सुधारणा, दुप्पट जोर... फक्त स्वतःवर." त्याच्या तोंडचे पाणी पळाले. "हे कधी केलंस?"

"मागच्या महिन्यात. खाली सही कोणाची आहे बघ."

वहिनीने तोंडावर हात ठेवला, पण तिचे खांदे हसत होते. दादाने आशेने चष्मेवाल्याकडे पाहिले. त्याने नकारार्थी मान हलवली.

"दादा, तू मला नुसतं विचारलं असतंस ना," धाकटी म्हणाली, "तर मी आपणहून घेतला असता तो मंत्र. तुझ्यासाठी." मग तिने फासा टाकला, आणि योद्ध्याच्या प्रेतावरून आकाशफोड कडाडला. अजगराचे तुकडे झाले.

दोन आठवडे दादा फिरकला नाही. तिसऱ्या आठवड्यात तो नव्या माणसासाठी कोरा कागद घेऊन आला, पहिल्या पातळीचा. बराच वेळ पेन्सिल फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "धाकटे, कोणता मंत्र घेऊ?"

"जखम भरायचा. आता पुढे मी असते, मला लागेल."

त्याने मुकाट्याने लिहिले आणि कागद तिच्याकडे सहीला दिला. तिने दोनदा वाचला, आणि परत केला. "अक्षर लागत नाही. पुन्हा लिही."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. घडीवर फाटलो आहे, चिकटपट्टीच्या आधाराने उभा आहे. माझे तुम्हाला कळकळीचे सांगणे आहे. दुसऱ्याच्या कागदाला खोडरबर लावण्याआधी त्याला विचारा, आणि सही करण्याआधी वाचा. मी कोणाची क्षमा मागणार नाही. दादाने तो कागद आजवर चार वेळा लिहिला आहे, आणि धाकटीने अजून सही केलेली नाही.