नकाशाखालचा कूलर

माझ्या मधल्या नळाच्या तोंडाशी, आतल्या कडेला, एक थर आहे. जाडी साधारण दोन मिलिमीटर. कडेला तो तपकिरी आहे, मध्ये हिरवट. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतो आणि थोडा बोटाबरोबर निघून येतो. उभ्याने पाहणाऱ्याला तो दिसत नाही, कारण नळाचं तोंड खाली वळलेलं आहे आणि त्याखाली मुलं बाटली धरतात, डोळा नाही.

मित्रांनो, मी एक जुना वॉटर कूलर आहे. मला तीन नळ आहेत आणि पोटात साठ लिटरची टाकी आहे. एका प्राथमिक शाळेच्या तळमजल्यावर, दुसरीच्या वर्गासमोर मी उभा असतो. डाव्या बाजूला मुख्याध्यापिकांची खोली आहे. माझ्या डोक्यावर जगाचा भलामोठा नकाशा लावलेला आहे.

तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या वस्तूला कसली आली किळस? पण ज्याच्या पोटात घाण साचते, त्याला किळस आधी स्वतःचीच येते. इतरांची नंतर.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्रे कापले, वाकवले, सांधे जोडले. शेवटी तपासणीच्या बाईंनी माझ्या पोटात बॅटरीचा उजेड पाडला, कोपरापर्यंत हात घातला आणि एका सांध्यावर बोट थांबवलं. "हा खरखरीत आहे. इथे घाण धरेल," एवढं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. तो सांधा पुन्हा घासला गेला. माझ्या पोटाची एवढी काळजी करणाऱ्या त्या पहिल्या. दुसऱ्या होत्या या शाळेच्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका.

त्यांना आता सगळे जुन्या बाई म्हणतात. दर सोमवारी मुलांच्या रांगेसमोर त्या माझ्या नळाचं पेलाभर पाणी पीत आणि मग म्हणत, "हं, आता तुम्ही." दर दुसऱ्या शनिवारी सफाईच्या मावशी माझं मागचं झाकण उघडत, टाकी रिकामी करत आणि लांब दांड्याचा ब्रश आत फिरवत. ब्रशने मला गुदगुल्या होत. माझं पाणी गोड लागतं असं मुलं म्हणायची, तेव्हा मी जरा जास्तच घरघर करायचो. मोटर चांगली असली की गर्वही करता येतो.

जुन्या बाई निवृत्त झाल्या आणि आताच्या मोठ्या बाई आल्या. त्यांच्याबरोबर उपप्रमुख सर आले. ही माणसं आळशी नव्हती, हे आधीच सांगतो. शाळा अनेक देशांच्या शाळांच्या एका संघात सामील झाली. भिंतीवर पाच शहरांची पाच घड्याळं लागली. मुलं रोज सकाळी वेगळ्या भाषेत नमस्कार करू लागली. एकदा पडद्यावर बर्फातल्या शाळेतली मुलं दिसली. त्यांनी त्यांचं गोठलेलं तळं दाखवलं आणि आमची दुसरीची मुलं खिडकीला नाकं लावावीत तशी पडद्याला चिकटली. मलाही ते आवडलं होतं.

पण शनिवारी शिक्षकांची प्रशिक्षणं सुरू झाली आणि माझी सफाई कुठे बसेना. मावशींना देशोदेशीचे झेंडे धुण्याचं आणि नकाशा पुसण्याचं काम मिळालं. शिक्षकांच्या खोलीत वेगळं शुद्धीकरण यंत्र आलं. मोठ्या बाई काचेची बाटली घरून आणू लागल्या. ठरवणारी माणसं ज्या नळाचं पाणी पीत नाहीत, त्या नळात डोकावणार तरी कोण?

माझ्या शेजारी सफाईचा तक्ता टांगलेला असे. उपप्रमुख सर त्यावर महिन्याच्या एक तारखेलाच सगळ्या रकान्यांत सह्या करून टाकत.

एकदा मावशी म्हणाल्या, "सर, पुढच्या शनिवारचीपण सही झाली? टाकी अजून घाण व्हायचीय की."

"मावशी, कागद पूर्ण लागतो," सर म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

मग माझ्या मागच्या झाकणाचा एक स्क्रू पडला. बोटभर फट राहिली. एका दुपारी त्या फटीतून पाल आत आली. दोन दिवस ती पाण्यावर होती. तिसऱ्या दिवशी फुगली, मग फुटली आणि तळाशी, नळाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ जाऊन बसली. त्या घासलेल्या सांध्यावरही आता चिकट थर आला होता. मित्रांनो, मला ओकता येत नाही. रोज सुमारे दीडशे बाटल्या माझ्याखाली लागत आणि मी त्या भरत राही.

त्याच सुमारास संघातल्या सगळ्या शाळांनी मिळून पाण्याचा प्रकल्प घेतला. विज्ञानाच्या बाईंनी मुलांकडून तीन छोट्या बाटल्या भरून घेतल्या. एक शिक्षकांच्या यंत्रातून, एक माझ्यातून आणि एक बागेतल्या तळ्यातून. बाटलीत एक पूड असते. दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी काळं झालं तर त्यात मैल्यातले जंतू असण्याची शक्यता धरायची आणि ते प्यायचं नाही. दोन दिवसांनी पहिली बाटली होती तशीच राहिली. बाकीच्या दोन डांबरासारख्या काळ्या झाल्या.

मोठ्या बाईंच्या दारातलं बोलणं मला स्पष्ट ऐकू येतं.

"कूलरची बाटली काळी झाली," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

"तळ्याशी अदलाबदल झाली असेल."

"मी पुन्हा दोनदा केली. दोन्ही काळ्या."

मोठ्या बाईंनी दार अर्धं लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "संघाची माणसं सहा आठवड्यांनी पाहणीला येतायत. आत्ता बंद केला तर पालक कारण विचारणार. ते येऊन गेले की बघू."

"बरं," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या तिसरीच्या मुलांना घरून पाणी आणायला सांगितलं. फक्त तिसरीच्या. त्या 'बरं'ची किळस मला पालीइतकीच आली.

आता त्या काळ्या बाटलीचं करायचं काय? प्रदर्शनाचं टेबल तर माझ्या शेजारीच मांडलेलं. उपप्रमुख सरांनी 'कूलर' लिहिलेली चिठ्ठी नखाने काढली आणि दुसरी चिकटवली : 'स्वच्छ पाणी न मिळणाऱ्या दूरच्या देशातला नमुना'.

"सर, हे खोटं आहे," विज्ञानाच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"खोटं काय त्यात? असे देश नाहीत का? मुलांच्या मनात कणव निर्माण झाली पाहिजे."

मावशी नकाशा पुसत होत्या. त्या नकाशालाच म्हणाल्या, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून."

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा."

"तेच तर काढून घेतलंत ना सर. शनिवारचं."

मग एकेक वर्ग त्या टेबलापुढे आणला गेला. मुलं नाकं मुरडून शी म्हणाली. दुसरीच्या एक्केचाळीस मुलांनी त्या दूरच्या देशातल्या मुलांना पत्रं लिहिली. लिहिण्याआधी त्यांनी माझ्याकडून बाटल्या भरून नेल्या. नंतरही नेल्या. एवढी घाण माझ्या पोटातही नव्हती.

त्या सहा आठवड्यांत दुसरीतली अकरा मुलं पोटाच्या दुखण्याने घरी राहिली. विज्ञानाच्या बाईंनी त्यांची नावं तारखांसकट वहीत उतरवली आणि दोनदा मोठ्या बाईंपुढे ठेवली. "पाहुण्यांनंतर," दोन्ही वेळा तेच उत्तर. अकरातली एक बडबडी. तिला सगळे याच नावाने हाक मारतात, कारण ती बाटली भरतानाही माझ्याशी बोलते. ती पंधरा दिवस आली नाही. सलाइन लावावं लागलं, असं तिच्या आईने दारात सांगितलं. "बाहेरचं काही खाल्लं असेल," सर म्हणाले. "घरचंच खाते ती," आई म्हणाली. मोठ्या बाई तेव्हा माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी पटकन नजर घड्याळांवर नेली. पाचही घड्याळं बरोबर चालली होती.

मित्रांनो, एक विनंती करतो. आपल्या शाळेच्या वस्तूवर प्रेम केलं नाही तरी चालेल, तिच्या आत मात्र बघा. तक्त्यावरच्या सह्या वाचू नका, झाकण उघडायला सांगा. आणि कुणी तुम्हाला दूरच्या माणसांची घाण दाखवायला लागला, तर ती कुठून आणली हे विचारा. दूरच्या माणसांची काळजी करू नका असं मी म्हणत नाही. बर्फातली ती मुलं मला अजून आठवतात.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला रंगीत तालीम ठेवली होती. मोठ्या बाई, उपप्रमुख सर आणि विज्ञानाच्या बाई टेबलाजवळ उभ्या होत्या. सगळ्यांत चांगलं पत्र बडबडीचं ठरलं होतं. ती शाळेत येऊन दोनच दिवस झाले होते. गणवेशाचा पट्टा शेवटच्या भोकात होता, तरी सैल. तिने कागद दोन्ही हातांत धरला आणि वाचलं :

"तुमचं पाणी आम्ही पाहिलं. ते खूप घाण आहे. ते प्यायल्यावर पोटात मुरडा येतो का? मलापण आला होता. सुई फार दुखते. तुमच्या मोठ्या माणसांना सांगा की पाणी नीट करा. ते ऐकत नसतील तर आमच्या बाई त्यांना सांगतील. आमच्या बाई खूप हुशार आहेत आणि त्यांना सगळे देश माहीत आहेत."

"छान," सर म्हणाले. "उद्या जरा मोठ्याने वाच."

"सर, पाकिटावर पत्ता काय घालू?"

"तो आम्ही घालू."

"पण देश कुठला? मी नकाशात शोधणार आहे."

सरांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. "सांगा ना बाई, कुठला तरी," ते हसत म्हणाले. मोठ्या बाई मुलीच्या सैल पट्ट्याकडे पाहत होत्या. विज्ञानाच्या बाईंनी वही उघडली, पण या वेळी पुढे केली नाही. छातीशी धरून उभ्या राहिल्या.

बडबडीने थोडी वाट पाहिली. मोठी माणसं गप्प झाली की मुलं आपल्या कामाला लागतात. वाचून तिचा घसा सुकला होता. तिने बाटलीचं झाकण काढलं, माझ्यापुढे आली आणि मधल्या नळाखाली बाटली धरली. माझ्या अंगात जोर असता तर मी तो नळ गिळून टाकला असता.

मोठ्या बाईंचा हात मध्ये आला. त्यांनी तळवा नळाच्या तोंडावर दाबून धरला. तो थर त्यांच्या हाताला लागला असणार, कारण त्यांचा चेहरा आक्रसला. पण त्यांनी हात काढला नाही.

"बाई, उद्या पाहुणे..." सर म्हणाले.

"ती बाटली याच कूलरची आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. आधी मुलीला म्हणाल्या, मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "कूलर आत्ता बंद करा. उद्याची पाहणी होणार नाही, मी त्यांना कळवते. आणि आज शाळा सुटायच्या आत प्रत्येक पालकाला पत्र जाईल. त्यात लिहा की पाणी घाण होतं, मुलं त्यानेच आजारी पडली असावीत, आणि मला हे सहा आठवडे माहीत होतं."