सातव्या शहरातल्या टणक पिशव्या

पुण्य डोळ्यांना दिसत नाही, यावर जगातल्या सगळ्या धर्मांचं एकमत आहे. आमच्या यात्रेतल्या अडतीस जणांनी मात्र ते पाहिलं, अंगठ्याने दाबलं, आणि निवृत्त पोस्टमास्तरांनी तर कानाशी धरून हलवूनही बघितलं. पुण्य साधारण तळहाताएवढं असतं आणि प्लास्टिकचं असतं.

"फुगली! माझी फुगली!"

"अहो, माझी बघा, माझी! नगाऱ्यासारखी झालीय!"

डोंगरमाथ्यावरच्या त्या पवित्र शहराच्या बसस्थानकात सकाळी दहा वाजता हा गजर चालला होता. बसच्या पायरीवर आमच्या यात्रेचे आयोजक तीर्थदादा हात जोडून उभे होते. चेहऱ्यावर भाव असा, की मी काहीच केलेलं नाही. हे वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं.

जगातली सात पवित्र शहरं, बावीस दिवस, असा हा दौरा. निघताना तीर्थदादांनी प्रत्येकाला एक पारदर्शक पिशवी दिली होती. आत ज्याच्या त्याच्या उंबरठ्याची चिमूटभर माती आणि थोडी हवा. तोंड त्यांनी स्वतः यंत्राने चिकटवून बंद केलेलं. "यात तुमचं पुण्य साठेल," ते म्हणाले होते. "सहा शहरं दिसायचं नाही. सातव्यात दिसेल. आणि विमानात पिशवी मोठ्या बॅगेत टाकायची, जवळ ठेवायची नाही. आकाशात पुण्य लाजतं."

मग आम्ही फिरलो. एका शहरात नदी पवित्र होती, एकात झाड, एकात नुसत्या पायऱ्या. सगळ्यांचे पाय दुखत होते. माझ्या ताईचे सुजत होते.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. हृदय अशक्त. अंगात पाणी साठू नये म्हणून रोज सकाळी एक गोळी, आणि डॉक्टरांची ताकीद की उंचावर जायचं नाही. पण मेहुणे तीस वर्षं म्हणत राहिले, "निवृत्त झालो की तुला जग दाखवतो," आणि निवृत्तीच्या आधीच गेले. तेव्हा ताई निघाली, आणि तिच्या बॅगा उचलायला मी.

"ज्याची पिशवी टणक," तीर्थदादांनी आवाज लावला, "त्याला औषध कशाला? औषध म्हणजे शंका! शंकेचं ओझं इथेच उतरवा!"

एक कापडी झोळी फिरली. डब्या, पट्ट्या, मलमं पडू लागली. ताईने पर्समधून गोळ्यांची डबी काढली.

"ताई, काय करतेस?"

"गप रे. त्या गोळीने दर अर्ध्या तासाला जावं लागतं. भरल्या बसमध्ये सगळ्यांदेखत 'गाडी थांबवा' म्हणायची वेळ तुझ्यावर येत नाही." डबी झोळीत गेली.

मी ड्रायव्हरकडे गेलो. तो काच पुसत होता आणि मिशीत हसत होता.

"दर खेपेला असंच होतं का हो?"

"दर खेपेला," तो म्हणाला आणि समोरच्या फळीवरचा बिस्किटांचा पुडा माझ्या हातात दिला. पुडा फुटेल इतका फुगला होता. "खाली घेतला तेव्हा चपटा होता. घाटाची वीस वळणं झाली की फुगतो. वर हवा पातळ, बाहेरून दाब कमी, मग आत कोंडलेली हवा पसरणारच. गेल्या आठवड्यात दह्याच्या डब्याचं झाकण माझ्या शर्टावर उडालं. मी काय संत झालो?"

मला वाटलं, झालं काम. पुडा उंच धरून मी गर्दीत शिरलो आणि हवेचा दाब शाळेतल्या मास्तरांसारखा समजावून सांगितला. मग पोस्टमास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे बिस्किटांनाही पुण्य लागलं?"

"लागणारच!" तीर्थदादा क्षणाचाही वेळ न घालवता म्हणाले. "सज्जनांच्या गाडीत निर्जीवही तरतात!"

पुडा फुटला. "तुमच्याच हातानं द्या," असं एक आजी म्हणाल्या आणि मला बिस्किटं वाटावी लागली. ताईच्या वाट्याला दीड आलं.

"थांबा!" मी शेवटचं हत्यार काढलं. "विमानातही हवा पातळच असते. पिशव्या तिथेही फुगल्या असत्या. म्हणून तर यांनी त्या जवळ ठेवू दिल्या नाहीत!"

"तुम्ही विमानात पिशवी पाहिली होती?" तीर्थदादांनी गोड आवाजात विचारलं.

"नाही. तुम्हीच—"

"मग फुगली होती कशावरून?"

लोक हसले. ताईही हसली. मी झोळी परत मागितली. ती केव्हाच कड्यावरून खाली 'अर्पण' झाली होती.

दुपारी प्रार्थनास्थळाच्या पायऱ्यांवर ताई बसली ती उठेना. दर दोन शब्दांनंतर तिला श्वास घ्यावा लागत होता. ओठ जांभळट झाले होते.

"ताई, आत्ताच्या आत्ता खाली जाऊ."

"पिशवी... अजून... टणक आहे ना?"

मी दाबून पाहिली. टणक होती.

ड्रायव्हरने कुणालाही न विचारता रिकामी बस काढली. वीस वळणं मी ताईचं डोकं खांद्यावर धरून बसलो होतो आणि मला येत असलेलं सगळं विज्ञान त्या वेळी कुचकामी होतं. घाटाखालच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताईला प्राणवायू लावला, सुई टोचली, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"अशक्त हृदय, गोळी बंद, आणि एवढ्या उंचीवर? कुणी सांगितलं यांना?"

"पिशवीने," मी म्हणालो.

संध्याकाळी ताईला नीट बोलता येऊ लागलं. तिने पर्समधून पिशवी काढली. पिशवी पुन्हा चपटी झाली होती.

"बघ," ती म्हणाली. "पुण्य अंगात उतरलं. म्हणून वाचले."

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. मला उत्तर येत होतं. ते माझं सकाळीच देऊन झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी पुढे केली. त्या समोरून हलेनात, म्हणून ताईने ती घेतली.

तेव्हा वाचकहो, पवित्र शहरं जरूर पाहा. ती सुंदर असतात. पण डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी कुठल्याही पिशवीला विचारून बंद करू नका. आणि कुणी 'इथे बघा, तिथे बघू नका' असं म्हणालं, तर आधी तिथे बघा. आम्ही बघितलं नाही.

परवा यात्रेचा फोटो घरी आला. ताईने तो चौकटीत लावलाय. अडतीस जण टणक पिशव्या उंच धरून हसताहेत, आणि त्यांच्या डोक्यावर बसस्थानकाची पाटी आहे. तिच्यावर हातभर अक्षरांत लिहिलंय: समुद्रसपाटीपासून उंची तीन हजार सहाशे मीटर.