घरी सोडलं

ऐका ना, मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझं राहूनच जाईल. आमच्या ऑफिसात ती ताई आहे ना, आमचं काम तपासणारी, चूक सापडली की सळो की पळो करून सोडणारी, तिचं सांगतोय.

एका हॉस्पिटलचं काम होतं. पेशंटचं काय झालं त्याची नावं कोडमध्येच एनम करून, म्हणजे ठरलेली यादी करून, कोरलेली. दाखल, वॉर्डात, घरी सोडलं, मृत्यू. आत साठतात नुसते आकडे. आता त्यांना 'दुसरीकडे हलवलं' पण हवं होतं. दर वेळी एका शब्दासाठी कोड कोण उघडणार? म्हणून टीमच्या दादाने ती नावं उचलून डेटाबेसच्या टेबलात टाकली, म्हणजे पुढे त्यांचं तेच वाढवतील. संध्याकाळी सुरू करायचं होतं, आणि सुरू झालं की घरी सोडलेल्या सगळ्यांना आपोआप मेसेज, 'तपासणीला या'.

ताईने तपासायला एक नाव टाकलं. उत्तर पक्कं माहीत असलेलंच नाव ती घेते. आणि बघतच राहिली.

"दादा, हे बघ."

"सापडलं का खुसपट?"

"माझे बाबा. घरी सोडलं म्हणतंय."

दादाचं हसू तिथेच विरलं. ते त्याच हॉस्पिटलात वारले होते ना हिवाळ्यात.

मग त्याने कपाळाला हात लावला. एनम मोजतो शून्यापासून, टेबल एकपासून. जुने आकडे तसेच राहिले आणि नावं एक घर सरकली. मृत्यूचा आकडा तीन, टेबलात तीनवर घरी सोडलं. म्हणजे गेलेल्या प्रत्येकाच्या घरी मेसेज जाणार होता.

"नंबर आईचा दिलाय," ताई म्हणाली. "ती खरंच फाईल काढून तयार होऊन बसेल रे."

"तू ऊठ, मी करतो. जुन्या आकड्यांत एक मिळवायचा, बस."

"नको. मीच करते."

लिहून झालं, पण बटण दाबेना. त्या दोन शब्दांकडे बघतेय नुसती. दादाने हळूच तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग दाबलं. नाव पुन्हा टाकलं. मृत्यू.

काम जमलं की ती कोरड्या आवाजात एकच शब्द बोलते. तोच बोलली.

"बरोबर."