लाल दिव्याची विश्रांती

‘चालकाची झोप ही आमची पवित्र जबाबदारी’ असं दारावर ठसठशीत रंगवलेला ट्रेलर सकाळपासून साइटच्या फाटकाशी चार हात पुढे, चार हात मागे होत होता. पाठीवर पोकलेन, स्टिअरिंगवर ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत ती पवित्र जबाबदारी तांबारून आलेली.

“झोपलं का पोकलेन?” फाटकवाल्याने विचारलं. “मघापासून झोके देताय म्हणून म्हटलं.”

ड्रायव्हर हसला नाही. डॅशबोर्डवरच्या डबीचा दिवा लाल झाला होता. त्याने मागचा गिअर टाकला. दिवा हिरवा झाला.

ही डबी कंपनीने वर्षापूर्वी बसवली. गाडी हलली की हिरवा, म्हणजे काम. थांबली की लाल, म्हणजे विश्रांती. पगार हिरव्याचा. पहाटे उठून पोकलेन चढवणं, साखळ्या आवळणं, अवजड माल नेण्याच्या परवान्याची वाट बघत केबिनमध्ये भाजून निघणं, ही सगळी विश्रांती. आणि इतकी विश्रांती घेतलेल्या माणसाला रात्रभर गाडी हाकायला काय धाड भरली आहे, असा कंपनीचा रास्त सवाल होता. हिरवे तास भरले तर मात्र रात्र ड्रायव्हरची, असाही नियम होता. तिथवर आजपर्यंत कोणी पोचलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात अशाच एका ताज्यातवान्या रात्री ड्रायव्हरचे डोळे उघडले, तेव्हा काचेसमोर पुलाचा कठडा होता. घरी त्याने काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी मुलीला मांडीवरून उतरू दिलं नाही.

संध्याकाळी जीपमधून मेहुणा उतरला. बायकोचा धाकटा भाऊ. एके काळी ट्रेलरच चालवायचा, आता ऑफिसात बसून गाड्या सोडायचा. डबीची कल्पना त्याचीच, आणि ती तो चार लोकांत सांगतही असे.

“भाऊजी, परवाना आला. निघा.”

“माझे तास भरले. डबी बघ. हिरवीगार.”

“दिवसभर डिझेल जाळून पाळणा हलवलात! लाज नाही वाटत?”

“गाडी हलली म्हणजे काम. तुझंच डोकं.”

“ताईकडे बघून गप्प बसतोय, नाहीतर...”

“नाहीतर काय? तिच्याकडे बघूनच तुझं थोबाड शाबूत आहे.”

फाटकवाल्याने स्टूल जरा जवळ ओढलं.

मेहुण्याने मालकाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. खरडपट्टी व्हायचीच, तर ती सगळ्यांना ऐकू जावी.

“तास भरलेल्याला पाठवता येत नाही,” सगळं ऐकून मालक शांतपणे म्हणाला. “विमावाले डबी बघतात. तू कुठे होतास दिवसभर?”

“ऑफिसात, साहेब. पहाटेपासून फोनवर...”

“बसून?”

मेहुण्याचं बोट स्पीकर बंद करायला धावलं.

“बसून, म्हणजे विश्रांतीच की. ट्रेलरचं लायसन्स आहे ना अजून तुझ्याकडे? सकाळी पोकलेन पोचलं पाहिजे.”

ड्रायव्हरने किल्ली मेहुण्याच्या तळहातावर ठेवली आणि फाटकवाल्याच्या खोलीत जाऊन खाटेवर चादर अंथरली. एक चप्पल काढली. दुसरी काढता काढता त्याने दारातून पाहिलं. मेहुण्याचा पाय केबिनच्या पायरीवरून सटकला. दुसऱ्या खेपेला तो वर चढला. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. मेहुण्याचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं.

“च्यायला,” ड्रायव्हर म्हणाला, आणि चप्पल पुन्हा पायात अडकवून पलीकडच्या दाराने केबिनमध्ये चढला.

“उतरा, भाऊजी. तुमची मेहेरबानी नको मला.”

“मेहेरबानी कसली? तू कठड्यावर घातलीस, तर तुझ्या बहिणीला तोंड कोण दाखवणार? काढ गाडी.”

रात्रभर त्याने मेहुण्याला डोळा मिटू दिला नाही. लग्नातल्या मानापानापासून सुरुवात करून त्याने एकेक जुनं भांडण उकरून काढलं, आणि मेहुण्यानेही त्यातलं एकही उत्तराविना सोडलं नाही. पोचले तेव्हा दोघांचे घसे बसले होते. पोकलेनला ओरखडा नव्हता.

शेजारच्या सीटवर बसून काढलेली ती रात्र कंपनीने विश्रांती धरली, आणि पोकलेन उतरताच ड्रायव्हरला रिकामा ट्रेलर घेऊन परत पाठवलं.