लाटेश्वरीच्या होड्या

मित्रांनो, या खोलीच्या कोपऱ्यात लाकडी पायांवर तिरका झुकलेला जो मोठा फळा दिसतो ना, तो मी. मी ड्राफ्ट्समनचा ड्रॉइंग बोर्ड आहे. हल्ली मला कोणी ओळखत नाही. घरी आलेले पाहुणे विचारतात, "ये क्या है? कपड़े प्रेस करने की मेज़?" तेव्हा मला फार वाईट वाटतं. कारण माझ्या अंगावर एका देशाचं अख्खं आरमार बांधलं गेलं होतं. तो देश तुम्हाला कुठल्याही नकाशात सापडणार नाही, तरीसुद्धा.

माझा जन्म लखनौच्याच एका सुताराकडे झाला. तिथून मी मानक नगरला रेल्वेच्या संशोधन कार्यालयात गेलो. माझ्यावर काम करायचे दयाराम मेश्राम, भंडाऱ्याहून आलेले. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसायचे, मगच कागद लावायचे. डब्यांची चाकं, स्प्रिंगा, ब्रेक, सगळं आधी माझ्यावर उमटायचं आणि मग कारखान्यात जायचं. साहेब लोक माझ्यापाशी थांबून म्हणायचे, "दयाराम, लाइन बहुत साफ़ है तुम्हारी." ते कौतुक दयारामांचं असलं तरी थोडं मीही घ्यायचो.

पुढे कॉम्प्युटर आले. आम्हा सगळ्या बोर्डांची रवानगी व्हरांड्यात झाली. कबुतरं आमच्यावर बसू लागली. शेवटी लिलाव निघाला आणि दयारामांनी मला विकत घेऊन ठेल्यावरून आपल्या क्वार्टरमध्ये आणलं.

"घरात माणसांना जागा नाही आणि हे काय उचलून आणलंत?" त्यांच्या पत्नी सुनंदाताई म्हणाल्या.

"आपल्या सुनीतीला होईल."

"अहो, ती अजून रांगतेय!"

पण मी सुनीतीचाच झालो. हात पोचायला लागला तशी ती माझ्यावर रेघा ओढू लागली. शेजारच्या क्वार्टरमध्ये यशोधन राहायचा. त्याचे वडीलही त्याच कार्यालयात होते. घरात मराठी कानावर पडायची, पण लखनौमध्ये वाढलेला तो मुलगा उत्तर मात्र हिंदीतच द्यायचा. त्याला इतिहासाचं वेड होतं. एके दिवशी तो धावत आला आणि म्हणाला, "सुनीती, विजयदुर्ग में आंग्रे का पूरा बेड़ा जल गया था. सोच, अगर न जला होता तो?"

"तर काय झालं असतं?"

"तो कोकण का अपना देश होता. अपनी नेवी होती. आज तक!"

त्या दुपारी दर्याराज नावाचा देश जन्माला आला. यशोधन त्याचा इतिहास रचायचा. कोणत्या साली आग लागायच्या आत जहाजं खाडीतून निसटली, कधी शिडं जाऊन वाफेची इंजिनं आली, कोणाशी लढाई झाली, सगळं त्याला तोंडपाठ. आणि सुनीती जहाजं काढायची. तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. गोमतीवरच्या नावा तेवढ्या पाहिल्या होत्या. तरीही आधी तिने गलबतं काढली, मग लोखंडी पत्र्याची गस्ती जहाजं, मग फिरत्या बुरुजाच्या तोफा, मग पाणतीर सोडणाऱ्या चपळ नौका. उन्हाळ्यात मलिहाबादहून दशहरीची पेटी यायची. एकदा आंब्याचा रस नकाशावर ठिबकला. सुनीती रडकुंडीला आली, तर यशोधन म्हणाला, "रहने दे, ये टापू है." आणि त्याने त्या डागालाही बेट म्हणून नाव दिलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस.

मग त्यांनी लाटेश्वरी काढायला घेतली. दर्याराजची सर्वांत मोठी युद्धनौका. कितीतरी महिने तो कागद माझ्या अंगावरून उतरला नाही. यशोधनला तोफा वाढवायच्या असत.

"एक और बुर्ज लगा दे यार, पीछे."

"वर एवढं वजन नको. कलंडेल."

"किसने कहा?"

"बाबांनी. डब्याचंही तसंच असतं, वर माल जास्त झाला की वळणावर धोका."

दयाराम पेपर वाचता वाचता हसायचे. सुनीतीला तोफांइतकीच माणसांचीही काळजी असे. खलाशी झोपणार कुठे, भात कुठे शिजणार, जखमींना कोणत्या जिन्याने खाली नेणार, हे ती बापाला विचारून विचारून काढायची. दोन्ही कडांना तिने होड्या टांगल्या. जहाज बुडालंच तर एकही माणूस मागे राहू नये, एवढ्या.

"इतनी जगह में चार तोपें आ जातीं," यशोधन कुरकुरला.

"येऊ देत. होड्या राहणार."

तो पुन्हा इतिहास रचायला बसला. मला वाटलं, विषय संपला.

त्या सुमारास यशोधनला इंटरनेटवर त्याच्यासारखेच खुळे भेटले होते. देशोदेशीची माणसं, आणि प्रत्येकाचा एकेक कल्पनेतला देश. त्यांची आरमारांची स्पर्धा निघाली. सुनीती तेव्हा मामाच्या लग्नाला भंडाऱ्याला गेली होती. एका दुपारी यशोधन आला. सुनंदाताईंनी नेहमीसारखं दार उघडलं, सरबत दिलं आणि त्या आत गेल्या. तो माझ्यासमोर बसला आणि त्याने रबर उचललं.

मला रबराची सवय होती. चूक खोडणारा हात अडखळत चालतो. त्या दुपारी हात अडखळला नाही. एकेक करून सगळ्या होड्या गेल्या आणि त्यांच्या जागी तोफा बसल्या. मग रबर कोपऱ्यात आलं. तिथे दोघांची नावं होती. एक राहिलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण लाकडाला काय करता येतं?

सुनीती परत आली त्याच दिवशी तो मिठाई घेऊन हजर झाला. "फ़र्स्ट आए हैं! सबने कहा, ऐसा जहाज़ देखा नहीं. बेंगलुरु की एक गेम कंपनी ने मुझे काम के लिए बुलाया है!"

स्पर्धेला पाठवलेलं चित्र पाहायला आनंदाने तिने त्याचा मोबाइल हातात घेतला. पाहता पाहता तिचा चेहरा उतरला.

"होड्या कुठे गेल्या?"

"अरे, तोपों से नंबर बढ़ते हैं."

"आणि माणसं?"

"सुनीती, ये सच में थोड़ी न डूबेगा!"

"माझं जहाज खरंच बुडू शकतं, यशोधन. म्हणून तर मी ते नीट काढत होते." मग तिने विचारलं, "आणि माझं नाव?"

"एक ही नाम डाल सकते थे. तू तो थी भी नहीं यहाँ."

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पिना काढल्या, लाटेश्वरीचा कागद गुंडाळला, कपाटातली सगळी जहाजं काढली आणि त्याच्या हातात दिली.

"घेऊन जा. तुझाच देश आहे."

"यार, ऐसे मत कर..."

"मिठाई पण ने."

तो गेला. काही दिवसांनी बेंगलुरुलाही गेला. त्याने फोन केले, तिने उचलले नाहीत. मग त्याने फोन करणं सोडलं.

दयारामांनी माझ्यावर कोरा कागद लावून ठेवला. तो पिवळा पडला की ते बदलायचे. एकदा हळूच म्हणाले, "सुनू, एखादं छोटं गलबत तरी काढ."

"बाबा, परीक्षा आहे."

परीक्षा झाल्या, विमा कंपनीत नोकरी लागली, दयाराम निवृत्त झाले, आम्ही क्वार्टर सोडून भाड्याच्या घरात आलो. माझ्यावर कधी वाळत घातलेला टॉवेल असे, कधी वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कागद मात्र दयाराम बदलत राहिले.

गेल्या हिवाळ्यात दारावरची बेल वाजली. यशोधन होता. केस विरळ झालेले, हातात जहाजांच्या त्याच कागदांची गुंडाळी. त्याने दयारामांच्या पाया पडून सुनीतीकडे पाहिलं.

"कंपनी में नया गेम बन रहा है. पूरा दर्याराज," तो म्हणाला. "मैंने साफ़ कह दिया है कि जहाज़ सुनीती मेश्राम के हैं. तेरी होड्या भी वापस लगेंगी. मुझसे बहुत ग़लत हुआ था. पहले आना चाहिए था, हिम्मत नहीं हुई. तू चल, साथ में बनाते हैं."

सुनीतीने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "बस. चहा घे आधी."

दयारामांचे हात आता कापतात. तरी ते लगबगीने उठले, माझ्यावरचा पसारा त्यांनी खाली ठेवला, मला पुसलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि ती मुलीपुढे धरली. त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना, इतका तो आनंदला होता.

सुनीती माझ्यापुढे बसली. तिने टी-स्क्वेअरची पट्टी लावली, जहाजाच्या तळाची रेघ ओढली. मग पुढच्या टोकाचा बाक काढायला हात उचलला आणि तो हवेतच राहिला. तिने पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला.

"येत नाही रे," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पूर्वी डोळे मिटले की जहाज दिसायचं. लाटांसकट. आता कागदच दिसतो."

"टाइम लगेगा, कोई बात नहीं..."

"यशोधन, मी तुला केव्हाच माफ केलंय. इतकी वर्षं रागावून बसले नव्हते मी. पण राग जाता जाता ते दिसणंही घेऊन गेला."

त्याने कागदांची गुंडाळी उचलून मांडीवर घेतली. चहावर साय धरली. निघताना सुनीतीने त्याला गाडीत खायला पोळी-भाजी बांधून दिली. दारात दोघं एकमेकांकडे पाहून हसले, लहानपणी हसायचे तसं मात्र नाही. तो गेल्यावर दयाराम माझ्यापाशी आले. त्या एका रेघेचा कागद त्यांनी काढला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. नवा कागद त्यांनी लावला नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. माझ्यावर धूळ बसली तर पुसता येते, पाय मोडला तर सुतार नवा बसवून देईल. माणसाचं तसं नसतं, एवढंच मी इतक्या वर्षांत पाहिलं. उशिरा मागितली तरी माफी मिळते. त्या दिवसांत जे दोघांना मिळून दिसत होतं, ते मिळत नाही. तुमचंही कोणाकडे जायचं राहिलं असेल. असेल तर माझं बोलणं अर्धवट टाकून आत्ता उठलात, तरी मला मुळीच वाईट वाटणार नाही.